सनदेवाचून विद्यापीठ : महिला विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि त्याच्या पदव्या (१९१६–१९५१)

१

नाशिक शहराच्या परिसरात आज निरनिराळ्या प्रकारची तीन विद्यापीठे नांदत आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही राज्यशासनाची होत. तिसरे, त्र्यंबकेश्वर मार्गावरील संदीप विद्यापीठ, हे एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील खाजगी आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठ आहे. या तिसऱ्या प्रकारच्या विद्यापीठाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास एक गोष्ट प्रथम ध्यानी येते. त्याचे चालक खाजगी असले, तरी त्याचा जन्म विधिमंडळाच्या कायद्याने झालेला असतो. पदवी देण्याचा अधिकार त्याला पहिल्या दिवसापासून प्राप्त असतो. त्या पदवीला समाजात वजन मिळवून देण्याचे काम मात्र पुढे करावयाचे असते.

महाराष्ट्रातील खाजगी विद्यापीठाचा पहिला मोठा प्रयोग नेमका याच्या उलट क्रमाने घडला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सुमारे पस्तीस वर्षे कायद्याचा आधार नव्हता. अध्यापन होते, परीक्षा होत्या, पदव्या होत्या. नव्हती ती केवळ सनद. या प्रयोगाचा विचार आजवर बहुधा स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून झालेला आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु विद्यापीठ या संस्थेच्या इतिहासातही त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. सनदेच्या अभावाने या विद्यापीठाला काय दिले आणि त्याच्यापासून काय हिरावून घेतले, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

२

विद्यापीठाची कल्पना कर्वे यांच्या मनात कशी रुजली ती हकीकत प्रसिद्ध आहे. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम आणि १९०७ साली महिला विद्यालय, अशा दोन पायऱ्या ते तोवर चढून गेले होते. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. टोकियो येथील जपानी महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली होती. त्या वेळी ती त्यांनी चाळून बाजूला ठेवली. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका त्यांनी पुन्हा हाती घेतली. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, हा विचार त्यांनी त्या अध्यक्षीय भाषणात मांडला आणि अवघ्या सहा महिन्यांत तो अमलात आणला. जून १९१६ मध्ये विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिले कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे हे पहिले कुलगुरू झाले. हिंगणे येथे महिला पाठशाळा या नावाने पहिले महाविद्यालय उघडले, तेव्हा विद्यार्थिनींची संख्या पाच होती.

जपानी उदाहरणाचा एक पैलू येथे लक्षात घेण्यासारखा आहे. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली ती संस्था स्वतःला महिला विद्यापीठ म्हणवीत असली, तरी जपानी कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९४८ मध्ये. म्हणजे कर्वे यांनी जे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले तेही सनदेवाचूनच्या विद्यापीठाचेच होते. दोन देशांतील या दोन संस्थांना कायद्याची मान्यता एक वर्षाच्या अंतराने लाभावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. युद्धोत्तर काळात दोन्ही देशांतील राज्यसंस्थेचे स्वरूप पालटले, आणि पूर्वी जे शासनाला अनावश्यक वाटत होते ते त्यानंतर आवश्यक वाटू लागले.

भारतातही १९१६ हे वर्ष विद्यापीठांच्या दृष्टीने फलदायी ठरले. काशी हिंदू विद्यापीठाची कोनशिला त्याच वर्षी फेब्रुवारीत बसविण्यात आली, आणि म्हैसूर विद्यापीठही त्याच वर्षी सुरू झाले. काशीच्या विद्यापीठामागे राजेरजवाड्यांच्या देणग्या आणि १९१५ चा कायदा होता. म्हैसूरच्या पाठीशी संस्थान होते. पुण्याच्या विद्यापीठामागे यांपैकी काहीही नव्हते. वर्गणीदारांचे मतदारसंघ, त्यांनी निवडलेली नियामक सभा आणि अठ्ठावन्न वर्षांच्या संस्थापकाची गावोगावची भ्रमंती एवढेच त्याचे भांडवल होते.

३

सनद मागण्यापूर्वीच विद्यापीठ सुरू करण्याचे कारण केवळ घाई हे नव्हते. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात अध्यापनाचे व परीक्षेचे माध्यम इंग्रजी होते. मराठीसारख्या भाषांना तेथे एक विषय म्हणून स्थान मिळविण्यासाठीसुद्धा न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले; एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला तो १९०१ मध्ये. अशा परिस्थितीत मराठी माध्यमाची पदवी देणाऱ्या संस्थेला शासनाची मान्यता मिळणे जवळजवळ अशक्य होते. मान्यता हवी असल्यास माध्यम सोडावे लागले असते, आणि माध्यम हवे असल्यास मान्यतेवाचून चालवावे लागले असते. कर्वे यांनी दुसरा मार्ग पत्करला.

या निवडीतून अभ्यासक्रमाच्या रचनेला मोकळीक मिळाली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा ठेवण्यात आला. सर्व विषयांचे अध्यापन स्वभाषेतून होई. इंग्रजी हा विषय मात्र आवश्यक ठेवण्यात आला होता. या एका मुद्द्यावर महात्मा गांधींचा कर्वे यांच्याशी मतभेद होता. माध्यम स्वभाषा असावे याबद्दल दोघांचे एकमत होते, तथापि इंग्रजी ऐच्छिक असावे असे गांधीजींचे मत होते. कर्वे आपल्या मतावर ठाम राहिले. इंग्रजीचे ज्ञान आणि इंग्रजीतून ज्ञान या दोन भिन्न गोष्टी होत, हा भेद त्यांच्या योजनेत स्पष्ट दिसतो. भाषाशिक्षणाच्या चर्चेत हा भेद आजही अनेकदा पुसट होतो, हे पाहता १९१६ मधील ही स्पष्टता विशेष म्हटली पाहिजे.

भाषांच्या जोडीला गृहव्यवस्था, आरोग्यशास्त्र, मानसशास्त्र व बालमानस यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. मुंबई विद्यापीठाच्या उंबरठ्यावर मुलींना अडविणारे गणित येथे आवश्यक राहिले नाही. ही सवलत देणारा गृहस्थ स्वतः गणिताचा प्राध्यापक होता आणि त्याचे कुलगुरू केंब्रिजचे सीनिअर रँग्लर होते, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. गणिताविषयीच्या अनास्थेतून ही सवलत जन्मली असे त्यामुळे म्हणता येत नाही.

या योजनेवर आक्षेप आले, आणि ते केवळ सनातन्यांकडूनच आले असे नव्हे. गोपाळ गणेश आगरकर यांनी स्त्री व पुरुष यांना एकच शिक्षण, तेही एकत्र, द्यावे असा पक्ष पूर्वीच मांडून ठेवला होता. आगरकर हे फर्ग्युसन महाविद्यालयातील कर्वे यांचे ज्येष्ठ सहकारी. त्यांचे निधन १८९५ मध्ये झाले. त्यांच्या विचाराच्या दृष्टीने पाहता महिला विद्यापीठाचा निराळा अभ्यासक्रम म्हणजे एक पाऊल मागे होते. स्त्रीचे क्षेत्र गृह हेच, ही समजूत त्या अभ्यासक्रमाने अप्रत्यक्षपणे मान्य केली, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. कर्वे यांची बाजू व्यवहाराची होती. ज्या मुलींपुढे एकच शिक्षण आणि शिक्षणाचा अभाव एवढेच दोन पर्याय होते, त्यांतील बहुसंख्यांच्या वाट्याला अभावच येत होता. त्यांच्यासाठी तिसरा पर्याय निर्माण करावयाचा होता. मुंबई विद्यापीठाचा मार्ग ज्यांना झेपेल त्यांनी तो अवश्य पत्करावा, ही भूमिका त्यात गृहीतच होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र अभ्यासक्रमाचे मोल ठरविताना त्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांकडेही पाहावे लागते. त्याचा विचार पुढे येईल.

आणखी एक मोकळीक प्रादेशिक होती. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कायद्यानेच आखलेले असते. या विद्यापीठाला अशी सीमा नव्हती. त्यामुळे पुण्याच्या मराठी महाविद्यालयाबरोबर अहमदाबाद व बडोदे येथील गुजराती माध्यमाच्या संस्थाही त्याच्या छत्राखाली आल्या. बडोदे हे तर त्या वेळी स्वतंत्र संस्थान. एकच विद्यापीठ, एकच पदवी आणि अध्यापनाच्या भाषा मात्र अनेक, ही व्यवस्था येथे प्रत्यक्षात आली.

४

या विद्यापीठाच्या पदव्यांची नावे स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावीत अशी आहेत. पहिली पदवी ‘गृहीतागमा’ आणि तिच्या वरची ‘प्रदेयागमा’. आगम म्हणजे परंपरेने प्राप्त होणारी विद्या. गृहीतः आगमः यया सा गृहीतागमा, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली आहे ती. प्रदेयः आगमः यया सा प्रदेयागमा, म्हणजे जिने विद्या इतरांस द्यावयाची आहे, जी ती देण्यास पात्र आहे ती. दोन्ही बहुव्रीही समास आहेत, आणि या दोन शब्दांतील क्रम म्हणजे घेण्याकडून देण्याकडे जाणारा विद्येचा प्रवास होय. इंग्रजी पदव्यांत हा अर्थ नाही. ‘बॅचलर’ या शब्दाचा उगम कनिष्ठ दर्जाच्या उमेदवाराच्या अर्थाकडे आणि ‘मास्टर’ याचा स्वामित्वाच्या अर्थाकडे जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. ‘बॅचलर’ व ‘मास्टर’ हे दोन्ही शब्द मूळचे पुरुषवाचक. त्या पदव्या घेणारी स्त्री पुरुषासाठी घडविलेल्या शब्दात प्रवेश करीत असते. ‘गृहीतागमा’ हा शब्द मात्र घडला तोच स्त्रीलिंगी. पदवी घेणारी व्यक्ती स्त्री आहे हे तेथे अपवाद म्हणून सांगावे लागत नाही. एखाद्या पदवीचे लिंगच स्त्रीचे असावे, याची उदाहरणे विद्यापीठांच्या इतिहासात विरळा सापडतील.

तथापि शब्द घडविणारे एक आणि वापरणारे दुसरे. समाजाने ही नावे स्वीकारली ती ‘जी. ए.’ आणि ‘पी. ए.’ या रूपांत. संस्कृत समासांची आद्याक्षरे रोमन लिपीतून घेऊन ती नावापुढे लावण्यात येऊ लागली. याचे कारण उघड आहे. बी. ए., एम. ए. यांच्या पंक्तीत बसावयाचे तर पदवीने तसेच दिसले पाहिजे, तसेच ऐकू आले पाहिजे. ज्या विद्यापीठाने माध्यमाच्या बाबतीत इंग्रजीचे वर्चस्व नाकारले, त्याच्या पदवीला बाजारात उभे राहण्यासाठी इंग्रजी अक्षरांचा पोशाख चढवावा लागला. प्रतिष्ठेची भाषा कोणती याचा निर्णय पाठ्यक्रम मंडळाच्या बैठकीत होत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

५

सनदेच्या अभावाची किंमत विद्यार्थिनींना मोजावी लागली. १९१९ मध्ये पहिली गृहीतागमा बाहेर पडली. परंतु तिच्या पदवीने शासकीय नोकरीचे अथवा अन्य विद्यापीठांतील उच्च अभ्यासक्रमांचे दार आपोआप उघडत नव्हते. पदवीधर स्त्रियांपैकी अनेकींना वाव मिळाला तो प्रामुख्याने खाजगी शिक्षणसंस्थांत, आणि त्यांतही कर्वे यांच्याच संस्थांच्या परिवारात.

किंमत संस्थेलाही मोजावी लागली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. या रकमेचे साडेतीन टक्क्यांनी होणारे वार्षिक व्याज बावन्न हजार पाचशे रुपये विद्यापीठाला मिळू लागले, आणि वर्गणीवर चाललेली संस्था स्थिर झाली. देणगीच्या अटींप्रमाणे विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. पुढे १९३६ मध्ये मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईस गेले. ज्या संस्थेमागे शासन नाही तिला दात्याचा आधार शोधावा लागतो, आणि दात्याला संस्थेच्या स्वरूपाविषयी काही अपेक्षा असतात. शासनापासूनचे स्वातंत्र्य म्हणजे सर्वांपासूनचे स्वातंत्र्य नव्हे, हे या घटनाक्रमावरून दिसून येते.

याच काळात नाशिकने निवडलेला मार्ग तुलनेसाठी पाहण्यासारखा आहे. १९१८ मध्ये त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी स्थापन केलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिक येथे महाविद्यालय सुरू केले. त्यालाही ठाकरसी हेच आडनाव लाभले. हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय ते हेच. संस्था खाजगी, दाते खाजगी, कार्यकर्ते ध्येयवादी. या सर्व बाबतींत हिंगणे आणि नाशिक यांत साम्य होते. भेद एकच. नाशिकचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याच्या पदवीबद्दल कोणी शंका घेण्याचे कारण नव्हते. वि. वा. शिरवाडकर तेथेच शिकून पदवीधर झाले. मात्र कोणता विषय, कोणत्या भाषेतून आणि किती वर्षे शिकवावयाचा याचा निर्णय नाशिककरांच्या हाती नव्हता. तो मुंबईस होई आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाल्यानंतर पुण्यास होऊ लागला. एकीकडे पदवी भक्कम पण अभ्यासक्रम परस्वाधीन. दुसरीकडे अभ्यासक्रम स्वाधीन पण पदवी डळमळीत. खाजगी प्रयत्नांना त्या काळी उपलब्ध असलेले हे दोनच मार्ग होते.

६

अशा डळमळीत पदवीचे वजन वाढविले ते पदवीधर स्त्रियांनी. न. चिं. केळकर यांच्या कन्या कमलाबाई देशपांडे या महिला विद्यापीठाच्या पदवीधर. त्यांनी पुढे युरोपात प्राग येथे प्राचीन भारतातील बालजीवनाविषयी संशोधन करून पीएच. डी. संपादन केली, आणि स्वदेशी परतून त्याच विद्यापीठाच्या पुणे येथील महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून काम केले. मुंबई इलाख्याच्या शासनाने ज्या पदवीस मान्यता दिली नव्हती, ती धारण करणारी विदुषी मध्य युरोपातील एका जुन्या विद्यापीठाला संशोधनासाठी पात्र वाटली.

दुसरे उदाहरण बाळूताई खरे म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांचे. हिंगण्याच्या संस्थेत वाढलेल्या या गृहीतागमेने १९३१ मध्ये ‘अलंकारमंजूषा’ हा ग्रंथ लिहिला आणि १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करून मराठी समाजाला हादरविले. शिकलेल्या अविवाहित स्त्रीच्या मनातील कोंडमारा त्या कथांचा विषय होता. गृहिणी घडविणारा अभ्यासक्रम म्हणून ज्याच्यावर टीका झाली, त्यातूनच गृहव्यवस्थेला प्रश्न विचारणारी लेखिका निर्माण झाली. आगरकरपक्षीय आक्षेपाला अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत उत्तर सापडत नाही. ते येथे सापडते. स्वभाषेत विचार करण्याची सवय लागलेली व्यक्ती नेमून दिलेल्या विषयांच्या कुंपणात राहत नाही. हे उत्तर पूर्ण आहे असे मात्र नव्हे. एकदोन तेजस्वी उदाहरणांनी सर्व विद्यार्थिनींच्या संधींचा हिशेब पुरा होत नसतो.

७

१९४९ मध्ये मुंबई विधिमंडळाने विद्यापीठाचा कायदा संमत केला, आणि १९५१ पासून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ कायदेशीर विद्यापीठ झाले. त्या वेळी कर्वे यांनी नव्वदी ओलांडली होती. मान्यता मिळाल्याने विद्यार्थिनींवरील अन्याय दूर झाला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण मान्यतेचा अर्थ समानीकरण असाही असतो. मान्यतेनंतरच्या काळात ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ ही नावे मागे पडली आणि त्यांची जागा बी. ए. व एम. ए. यांनी घेतली. आज हे दोन शब्द जुन्या चरित्रांत आणि ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरच आढळतात.

यानंतर कर्वे यांच्या मार्गाने जाणे कोणालाही शक्य राहिले नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या अथवा मान्य केलेल्या संस्थांपुरता मर्यादित केला, आणि ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द इतरांनी आपल्या नावात वापरण्यास मनाई केली. १९२१ मध्ये राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून पुण्यात उभे राहिलेले टिळक महाराष्ट्र विद्यापीठ याच व्यवस्थेत १९८७ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. या बंधनाची आवश्यकता पुढे सिद्धही झाली. छत्तीसगढ राज्याने २००२ च्या एका सरसकट कायद्याखाली शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे निर्माण केली होती. त्यांपैकी अनेकांना इमारत वा अध्यापकवर्ग यांचाही ठावठिकाणा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर निर्णय देताना त्यांची स्थापना रद्द ठरविली. कायद्यातील निकष काटेकोरपणे लावले असते तर हिंगण्याची पाच विद्यार्थिनींची पाठशाळाही त्यांत टिकली नसती. आणि निकषच नसतील तर हिंगणे व कागदी विद्यापीठ यांत भेद करण्याचे साधन उरत नाही. हा पेच कायद्याला पूर्णपणे सोडविता येणारा नाही.

नाशिकमध्ये या इतिहासाचे दोन धागे पुन्हा दिसतात. मुक्त विद्यापीठाने मराठीतून स्वयंअध्ययनाची पाठ्यपुस्तके निर्माण करून माध्यमाचा धागा पुढे नेला, तोही शासनाच्या कायद्याखाली. खाजगी विद्यापीठाला आपले अभ्यासक्रम स्वतः ठरविण्याचा अधिकार मिळाला आहे. १९२४ मध्ये नाशिकच्या महाविद्यालयाला जो अधिकार नव्हता तोच हा. म्हणजे स्वाधीन अभ्यासक्रम आणि भक्कम पदवी ही दोन्ही एकाच संस्थेच्या हाती असणे आज शक्य झाले आहे. कर्वे यांना यांतील एकासाठी दुसऱ्याचा त्याग करावा लागला होता. त्या त्यागाच्या बदल्यात त्यांनी पदवीच्या शिक्षणात स्वभाषा आणली, नवे विषय आणले आणि पदवीला स्त्रीचे व्याकरण दिले. ज्यांना असा त्याग करावा लागत नाही अशा विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांचा इतिहास जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा मिळालेल्या अधिकाराने त्यांनी कोणती नवी गोष्ट शिकविली आणि ती कोणाच्या भाषेत शिकविली, हेच प्रश्न इतिहासकाराला प्रथम विचारावे लागतील.